गोल्फचा हँडिकॅप कसा निघतो, आणि तो नेमके काय मोजतो?

नवा_गडी

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर पुण्यात गोल्फ शिकायला घेतला. प्रशिक्षकाकडे धडे झाले, रेंजवर चेंडू बऱ्यापैकी सरळ जाऊ लागला आणि आता अठरा होलची फेरी पुरी करण्यापर्यंत मजल गेली आहे. मात्र कोणत्याही नव्या चौकडीत खेळायला उभे राहिले, की नाव विचारण्याआधी ‘हँडिकॅप किती?’ असे विचारले जाते, आणि ‘अजून काढलेला नाही’ हे उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती मला आताशा सोसवत नाही.

मी खेळतो त्या कोर्सचा पार, म्हणजे फेरीसाठी ठरवलेली फटक्यांची संख्या, ७२ आहे. पांढऱ्या टीसाठी (टी म्हणजे जिथून होलचा पहिला फटका मारतात ती जागा) कार्डावर रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२६ असे छापलेले आहे. माझी तीन कार्डे १०४, १०९ आणि १०१ अशी आहेत. एका स्नेह्याने सांगितले, की सरासरीतून पार वजा केला की झाला हँडिकॅप. म्हणजे माझा ३३ च्या आसपास यायला हवा. दुसरा म्हणतो तो २५ च्या खाली येईल. दोघेही बरीच वर्षे खेळत आहेत, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही. शिवाय एखाद्या होलवर अकरा फटके गेले तर ते अकराच लिहायचे का, आणि हँडिकॅप एकदा निघाला की तो सगळ्या कोर्सवर तोच राहतो का, हेही जाणकारांनी सांगावे.


कट्ट्यावरचा

मी क्रिकेटवाला. नाशिकमध्ये ज्याला आम्ही सगळे ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतो त्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने पाहिले आहेत, एवढाच माझा गोल्फशी संबंध. उत्तर देणाऱ्यांनी कृपया अगदी मुळापासून सांगावे, म्हणजे आमच्यासारख्यांनाही धागा वाचता येईल.


जुने_कार्ड

दोघांनाही एकत्रच उत्तर देतो. आमच्या क्लबच्या हँडिकॅप समितीवर मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे हे समजावून सांगण्याची सवय आहे, आणि पाल्हाळ लावण्याचीही.

गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत फेरी पुरी करायची असते. तयारीचा खेळाडू पार ७२ च्या कोर्सवर ७४ मध्ये येतो आणि हौशी माणूस ९८ घेतो. या दोघांना सरळ एकमेकांसमोर उभे केले तर त्या सामन्यात काही राम राहणार नाही. म्हणून प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे फटक्यांची सवलत देतात. प्रत्यक्ष मारलेले फटके म्हणजे ग्रॉस, आणि सवलत वजा करून उरतात ते नेट. ही सवलत कोणाला किती, हे ठरवणारा आकडा म्हणजे हँडिकॅप.

पूर्वी यासाठी जगात सहा मोठ्या पद्धती होत्या : अमेरिकेची, ब्रिटन-आयर्लंडची, युरोपची, ऑस्ट्रेलियाची, दक्षिण आफ्रिकेची आणि अर्जेंटिनाची. एकाच ताकदीचा खेळाडू एका देशात १४ आणि दुसऱ्या देशात १७ असू शकत असे. अमेरिकेची यूएसजीए आणि सेंट अँड्र्यूजची आर अँड ए या दोन संस्थांनी मिळून जानेवारी २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम ही एकच पद्धत आणली. आपल्याकडे १९५५ साली स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन हे काम पाहते आणि तिच्याशी संलग्न असलेल्या क्लबमार्फत खेळाडूला हँडिकॅप मिळतो.

आता कार्डावरचे ते दोन आकडे. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडूने, अर्थात ज्याला सवलतीची गरजच नाही अशा खेळाडूने, साधारण हवामानात त्या टीवरून खेळताना अपेक्षित असलेला स्कोअर. तुमच्या कोर्सवर तो ७१.२ आहे, म्हणजे पारपेक्षा किंचित कमी. हा आकडा कोणी मनाने ठरवत नाही. रेटिंग करणारी तुकडी प्रत्येक होलवर फिरते; चढ-उतार, फेअरवेची (गवत कापलेल्या मधल्या पट्ट्याची) रुंदी, ग्रीनचा (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचा) आकार, वाळूचे बंकर, पाणी, झाडे, रफची (बाजूच्या वाढलेल्या गवताची) उंची, नेहमीचा वारा असे सगळे मोजते. स्क्रॅच पुरुष खेळाडूचा टीवरचा फटका २५० यार्ड जातो आणि बोगी खेळाडूचा, म्हणजे सुमारे २० हँडिकॅपच्या माणसाचा, २०० यार्ड जातो असे धरून, त्या दोन अंतरांवर चेंडू कुठे पडेल आणि तिथे काय वाढून ठेवले आहे हे पाहिले जाते.

यातूनच स्लोप निघतो, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. स्लोप म्हणजे जमिनीचा उतार नव्हे आणि कोर्स ‘अवघड’ आहे एवढेच सांगणारा आकडाही नव्हे. स्क्रॅच खेळाडूच्या तुलनेत बोगी खेळाडूला तो कोर्स किती अधिक जड जातो, हे स्लोप सांगतो. बोगी खेळाडूच्या अपेक्षित स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करून, पुरुषांसाठी, ५.३८१ ने गुणतात. तुमच्या १२६ वरून उलट हिशेब केला तर बोगी रेटिंग ९४.६ च्या आसपास येते. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण कोर्स मानतात. दीडशे यार्डांवर फेअरवे कापत जाणारा ओढा स्क्रॅच खेळाडूच्या खिजगणतीत नसतो, पण तुमच्या-माझ्या फटक्याचा तो काळ असतो. असे ओढे जितके जास्त, तितका स्लोप वर जातो.

आता तुमची कार्डे. प्रत्येक कार्डाचा स्कोअर डिफरन्शियल काढायचा : ग्रॉसमधून कोर्स रेटिंग वजा करायचे, उत्तराला ११३ ने गुणायचे आणि स्लोपने भागायचे. तुमच्या १०४ चे होतात २९.४, १०९ चे ३३.९ आणि १०१ चे २६.७. पहिला हँडिकॅप मिळण्यासाठी एकूण ५४ होलचे स्कोअर लागतात, म्हणजे अठरा होलची तीन कार्डे पुरतात. तीनच कार्डे असतील तेव्हा त्यांतला सर्वांत कमी डिफरन्शियल घेऊन त्यातून आणखी २.० वजा करतात. म्हणून तुमचा हँडिकॅप इंडेक्स २६.७ वजा २.०, म्हणजे २४.७. दुसऱ्या स्नेह्याचे म्हणणे बरोबर आहे.

चार कार्डांवर वजावट १.० होते, पाच कार्डांवर ती राहत नाही, आणि सहा कार्डांवर सर्वांत कमी दोन डिफरन्शियलच्या सरासरीतून पुन्हा एकदाच १.० वजा होते. पुढे कार्डे वाढतील तसे जास्त डिफरन्शियल सरासरीत येऊ लागतात, आणि वीस कार्डे झाली की शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी हा कायमचा नियम लागू होतो. एकविसावे कार्ड आले की सर्वांत जुने गळते.


रफमधला

जुने_कार्ड यांच्या गणिताबद्दल आदर आहे, परंतु मला ही पद्धत मुळातच पटलेली नाही. आमच्या उमेदीच्या काळात क्लबचा कॅप्टन आणि दोन जाणती माणसे एखाद्याला दोन-तीन फेऱ्या खेळताना पाहत आणि सांगत, ‘हा अठराचा आहे.’ तो अठराचाच निघत असे. आता फोनवर आकडे भरायचे आणि मध्यरात्री यंत्राने आपली लायकी कळवायची.

माझे मुख्य दुखणे मात्र वेगळे आहे. माझ्या वीस कार्डांची सरासरी काढली तर मी कोर्स रेटिंगपेक्षा चांगलाच वर खेळतो. हँडिकॅप मात्र माझ्या चांगल्या आठच फेऱ्यांवरून ठरवणार. म्हणजे वर्षातले बहुतेक रविवार मी हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळणार, हे आधीच लिहून ठेवल्यासारखे आहे. हा कुठला न्याय?


जुने_कार्ड

रफमधला साहेब, तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त त्याचा निष्कर्ष मी वेगळा काढतो. हँडिकॅप हे सरासरीचे मोजमाप नाहीच. माणूस बरा खेळतो त्या दिवशी तो काय करू शकतो, याचे ते मोजमाप आहे. त्यामुळे साधारण चार-पाच फेऱ्यांतून एकदा हँडिकॅपइतके किंवा त्याहून चांगले खेळणे, हीच अपेक्षित गोष्ट आहे. बाकीच्या वेळी दोन-चार फटके वरच जाणार, आणि ते तुमच्या प्रतिस्पर्ध्याचेही तितकेच जाणार.

सरासरी धरली असती तर काय झाले असते याचाही विचार करा. वरच्या हँडिकॅपच्या खेळाडूचे स्कोअर फार पसरलेले असतात. तो एक दिवस ९२ मारतो आणि पुढच्या आठवड्यात ११२. सहाच्या हँडिकॅपचा माणूस ७७ ते ८५ मध्येच फिरतो. दोघांना सरासरीवर सवलत दिली आणि साठ जणांची स्पर्धा लावली, तर दर वेळी चषक कोणीतरी आपला ९२ चा दिवस साधलेला माणूसच घेऊन जाईल. चांगल्या फेऱ्या मोजल्यामुळे हा पसारा बराचसा आवरला जातो. आधीच्या अमेरिकी पद्धतीत वीसपैकी दहा घेत आणि त्याचे ९६ टक्के धरत. तत्त्व हेच होते.

कॅप्टनच्या नजरेबद्दल एवढेच म्हणेन, की ती नजर त्याच्या मित्रांकडे आणि साहेब लोकांकडे पाहताना थोडी मऊ पडत असे. तुमच्याही आठवणीत अशी उदाहरणे असतील.


रफमधला

आहेत. नावे घेत नाही.


नवा_गडी

मनापासून आभार. म्हणजे मी आता सगळीकडे २४.७ चा, असे समजू का? आणि त्या अकरा फटक्यांचे काय?


जुने_कार्ड

२४.७ हा इंडेक्स झाला. तो तुमच्यासोबत प्रवास करतो. प्रत्यक्ष फटके मिळतात ते कोर्स हँडिकॅपनुसार. इंडेक्सला त्या टीच्या स्लोपने गुणून ११३ ने भागायचे, आणि कोर्स रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा. तुमच्या घरच्या कोर्सवर ते २६.७४ येते, म्हणजे २७. उद्या तुम्ही पार ७०, रेटिंग ६७.८ आणि स्लोप ११० अशा सपाट, मोकळ्या कोर्सवर गेलात तर तुम्हाला २२ च मिळतील. तिथे यजमानाशी ‘माझा तर सत्तावीस आहे’ म्हणून वाद घालू नका. वैयक्तिक स्ट्रोक प्ले (फेरीतले एकूण फटके मोजणारा प्रकार) असेल तर याचे ९५ टक्के घेतात, मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरणाऱ्या सामन्यात) पूर्ण, आणि चौकडीच्या फोरबॉलमध्ये (दोघा-दोघांच्या जोड्या, प्रत्येक होलवर जोडीतला चांगला स्कोअर धरायचा) स्ट्रोक प्लेला ८५ व मॅच प्लेला ९० टक्के. तुमचे २६.७४ चे ९५ टक्के म्हणजे २५ फटके. पूर्णांक शेवटीच करायचा, मध्ये नाही.

अकरा फटक्यांचे उत्तर कार्डावरच असते. कार्डावर प्रत्येक होलसमोर पार आणि अंतर यांच्या शेजारी स्ट्रोक इंडेक्सचा रकाना असतो, त्यात १ ते १८ आकडे विखुरलेले दिसतात. १ म्हणजे जिथे सवलत सर्वांत आधी मिळते ते होल. फेरी सुरू होण्याआधी पेन्सिलने आपल्या फटक्यांची टिंबे देऊन ठेवावीत. २७ फटके असतील तर प्रत्येक होलवर एक टिंब, आणि स्ट्रोक इंडेक्स १ ते ९ असलेल्या होलवर आणखी एक. आता समजा सातवे होल पार चारचे आहे आणि त्याचा स्ट्रोक इंडेक्स ८ आहे. तिथे तुमची दोन टिंबे. चेंडू बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले, मग ग्रीनच्या पलीकडे गेला आणि एकूण अकरा झाले. हँडिकॅपसाठी कमाल धरायची ती नेट डबल बोगी : पार ४, अधिक २, अधिक तुमची दोन टिंबे, म्हणजे ८. अकराचे आठ होतात. स्पर्धेच्या निकालात मात्र अकरा ते अकराच.

ज्याचा हँडिकॅप अजून निघालेलाच नाही, त्याला प्रत्येक होलवर पार अधिक पाच ही मर्यादा आहे. तेव्हा तुमची ती तीन कार्डे पुन्हा एकदा होलनिहाय तपासा. कुठे पार चारवर दहा किंवा पार तीनवर नऊ लिहिलेले असतील तर बेरीज कमी होईल आणि २४.७ ही बदलेल.

कार्ड होलनिहाय भरा. नुसती बेरीज टाकणाऱ्यांचे हँडिकॅप हमखास फुगलेले निघतात, कारण त्यांतले अकरा कधी आठ होतच नाहीत.


लाल_टी

एक गोष्ट सुटते आहे. रेटिंग आणि स्लोप हे टीचे असतात आणि एकाच टीचे पुरुषांसाठी वेगळे व स्त्रियांसाठी वेगळे असतात. स्त्री स्क्रॅच खेळाडूचा फटका २१० यार्ड आणि बोगी खेळाडूचा १५० यार्ड धरतात, बोगी खेळाडूचा हँडिकॅप २४ च्या आसपास मानतात, आणि गुणकही ५.३८१ ऐवजी ४.२४० असतो. त्यामुळे त्याच लाल टीवरून माझे रेटिंग आणि माझ्या नवऱ्याचे रेटिंग यांत पाच-सहा फटक्यांचा फरक सहज पडतो. मी एका क्लबमध्ये पाहुणी म्हणून गेले असता काउंटरवरच्या गृहस्थांनी पुरुषांच्या तक्त्यातून मला फटके काढून दिले, आणि मी स्त्रियांचा तक्ता मागितला तेव्हा तो कपाटातून शोधून धूळ झटकून आणावा लागला.

हे अधिकच खटकते, कारण हँडिकॅप सर्व क्लबांत एकाच मापाने मोजावा ही कल्पना देशपातळीवर पहिल्यांदा गांभीर्याने राबवली ती स्त्रियांनी. ब्रिटनमध्ये १८९३ मध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या मानद सचिव इसेट पिअर्सन यांनी क्लबाक्लबांचे पार तपासून सगळ्यांना एका पद्धतीत आणले. तोवर पुरुषांच्या क्लबांत रफमधला साहेबांच्या कॅप्टनसारखेच चालले होते.

आणि नवा_गडी, आपण पांढऱ्या टीवरूनच का खेळता? पुढच्या टीवरून खेळल्यास हँडिकॅप बिघडत नाही, कारण रेटिंगही त्याप्रमाणे कमी होते. १०४ मारणाऱ्याने दर होलवर लांब लाकूड काढून धापा टाकण्यापेक्षा पुढे यावे. फेरीही वेळेत संपते.


टेम्सकाठचा

मी मूळचा सोलापूरचा, इंग्लंडमध्ये बरीच वर्षे आहे. इथे नवी पद्धत नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि जुन्या सभासदांनी जी आदळआपट केली ती पाहण्यासारखी होती. आधी इथे बहुतेक करून स्पर्धांचेच स्कोअर धरत. हँडिकॅपच्या जवळपास खेळलात तर काही बदल नाही, त्याला बफर म्हणत. त्यापलीकडे वाईट खेळलात तर फक्त ०.१ ने वर. आणि चांगले खेळलात तर गटाप्रमाणे प्रत्येक फटक्यामागे ०.१ किंवा त्याहून अधिकने खाली. म्हणजे खाली यायला एक दिवस आणि वर जायला वर्ष. म्हातारपणी ज्यांचा खेळ उतरला ते वर्षानुवर्षे जुन्याच हँडिकॅपवर अडकून पडत. आता आकडा दोन्ही दिशांना हलतो, आणि तक्रार अशी असते की काही जण तो हवा तसा हलवतात.

इथे हँडिकॅप मुद्दाम फुगवून ठेवणाऱ्याला बँडिट म्हणतात. त्यावर उपाय आहेत. मित्रांबरोबरची फेरी हँडिकॅपसाठी धरायची असेल तर ती टी-ऑफच्या आधी ॲपवर नोंदवावी लागते. वाईट खेळल्यावर नोंदवू आणि चांगले खेळल्यावर विसरून जाऊ, असे चालत नाही. शिवाय पद्धतीतच लगाम आहे : मागच्या वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा ३.० वर गेलात की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि ५.० च्या वर जाऊच देत नाहीत. उलट एखाद्या दिवशी इंडेक्सपेक्षा ७.० ने चांगला डिफरन्शियल आला तर जादा १.० कापतात, १०.० ने आला तर २.०.

ज्यांचे कुठल्याच क्लबचे सभासदत्व नाही त्यांच्यासाठी इंग्लंड गोल्फने २०२१ पासून आयगॉल्फ नावाची वर्गणी योजना सुरू केली आहे. तिच्यामुळे सार्वजनिक कोर्सवर खेळणाऱ्यालाही अधिकृत इंडेक्स मिळतो.


नवा_गडी

हा शेवटचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी अजून कोणत्याही क्लबचा सभासद नाही.


जुने_कार्ड

आपल्याकडे हीच खरी अडचण आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, येरवड्याचा पूना क्लबचा गोल्फ कोर्स, अशा ठिकाणचे सभासदत्व ही वेळ आणि पैसा दोन्ही खाणारी गोष्ट आहे, आणि मुंबईच्या विलिंग्डन क्लबचे तर नावच काढू नका. लष्करी छावण्यांतल्या कोर्सवर सैन्यातल्या लोकांना सोय असते. बाहेरच्यांसाठी नियम जागोजागी वेगळे. सिडकोने खारघरला उभारलेल्या कोर्सवर सभासद नसतानाही खेळता येते, पण खेळता येणे आणि हँडिकॅप मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हँडिकॅप संलग्न क्लबमार्फतच मिळतो, कारण तुमची कार्डे पाहणारी, तुमच्याबरोबर खेळलेल्यांना ओळखणारी समिती कुठेतरी असावी लागते. तुमच्या जवळच्या कोर्सच्या कचेरीत जाऊन मुदतीचे किंवा फक्त गोल्फपुरते सभासदत्व आहे का, आणि त्यात युनियनचा हँडिकॅप क्रमांक धरलेला आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. पैसे भरण्याआधी विचारा.


रफमधला

बँडिटांची चर्चा झाली, पण आमच्याकडे त्याहून मोठा रोग उलटा आहे. मुंबई-पुण्यात दर चौकडीत एक गृहस्थ असे असतात ज्यांचा हँडिकॅप बारा आहे आणि खेळ वीसचा आहे. व्हिजिटिंग कार्डावर छापायचेच काय ते बाकी असते. हे कसे साधते? पहिल्या टीवर फटका फसला की दुसरा चेंडू ठेवतात. ग्रीनवर चेंडू चार फुटांवर आला की ‘गिम्मी’ म्हणून, म्हणजे तो आत जाणारच असे धरून, उचलतात. कॅडी बिचारा ‘साहेब, सहा’ म्हणतो आणि साहेब पाच लिहितात. वाईट फेरीचे कार्ड खिशातच राहते. मग स्पर्धेत ग्रीनवरचा प्रत्येक पट (होलमध्ये चेंडू घालण्याचा हलका फटका) आत घालायची वेळ आली की हेच गृहस्थ नेट ८५ घेऊन येतात आणि दोष ग्रीनच्या वेगाला देतात.


जुने_कार्ड

या बाबतीत आपले पूर्ण एकमत आहे, आणि समितीवर असताना अशा लोकांनीच मला अधिक त्रास दिला. बँडिटची तक्रार दहा जण करतात. या गृहस्थांबद्दल कोणीच तक्रार करत नाही, कारण त्यांच्याशी पैज लावणे सगळ्यांना परवडते.

गिम्मीबद्दल नियम मात्र स्पष्ट आहे. स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत चेंडू होलमध्ये घालावाच लागतो. मित्रांच्या फेरीत किंवा मॅच प्लेमध्ये होल अर्धवट सोडला तर सर्वांत संभाव्य स्कोअर लिहायचा : चेंडू पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका मिळवायचा, पाच फुटांपासून २० यार्डांपर्यंत असेल तर आपल्या कुवतीप्रमाणे दोन किंवा तीन, त्याहून लांब असेल तर तीन किंवा चार. म्हणजे चार फुटांवरून उचललेल्या चेंडूचा एक फटका धरायचा, शून्य नाही. दुसरा चेंडू ठेवून मारलेल्या फटक्याला मात्र नियमांत जागाच नाही. आणि फेरीत सोबत किमान एक माणूस हवाच. एकट्याने खेळलेली फेरी धरत नाहीत.


नवा_गडी

आणखी एक शंका. आपण सांगितलेल्या रीतीने होलनिहाय तपासले. बेरजा तशाच राहिल्या. दरम्यान दोन फेऱ्या झाल्या. पहिलीत ९८ आले, हिशेबाने डिफरन्शियल २४.० आणि इंडेक्स २३.० झाला. दुसरीत पाऊस होता, १०७ आले, आणि इंडेक्स २४.० वर गेला. वाईट फेरी सर्वोत्तमांत धरतच नाहीत, तर तिने माझा इंडेक्स वाढवला कसा?


जुने_कार्ड

तो १०७ ने वाढवला नाही, कार्डांच्या संख्येने वाढवला. चार कार्डे असताना सर्वांत कमी डिफरन्शियलमधून १.० वजा होत होते; पाचव्या कार्डाने ती वजावट संपली आणि तुमचे २४.० जसेच्या तसे उरले. पाचव्या फेरीत १०७ ऐवजी १२० आले असते तरी हेच झाले असते. सुरुवातीला आकडा असा मागेपुढे होतच राहतो. पंधरा-सोळा कार्डे होईपर्यंत त्याच्याकडे फार निरखून पाहू नका.

पावसाचे थोडे सविस्तर सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो, रफ वाढते आणि त्याच कोर्सला दहा टक्के लांबी वाढल्यासारखे वाटते. समितीने स्थानिक नियम लावला असेल तर फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून, ठरलेल्या मर्यादेत ठेवता येतो आणि ते कार्ड हँडिकॅपसाठी चालते. शिवाय पीसीसी (प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन) नावाचा रोजचा हिशेब असतो. त्या दिवशी त्या कोर्सवर किमान आठ खेळाडूंचे स्कोअर आले असतील, तर यंत्र त्यांची त्यांच्या अपेक्षित स्कोअरशी तुलना करते आणि दिवस सगळ्यांनाच जड गेला असेल तर ३ फटक्यांपर्यंत सवलत देते. फारच सोपा गेला असेल तर १ कापते. डिफरन्शियल काढताना कोर्स रेटिंगबरोबर हा आकडाही वजा होतो. म्हणजे तुमच्या १०७ च्या दिवशी पीसीसी २ लागला असता, तर ते गणितात १०५ सारखे धरले गेले असते.


कट्ट्यावरचा

म्हणजे खेळपट्टी पाहून धावसंख्येचे मोल ठरवण्यासारखेच झाले. धाग्यामुळे बरेच कळले. आता या वयात नऊच होल खेळून भागते का, तेही सांगा.


लाल_टी

भागते. नऊ होलची फेरीही हँडिकॅपसाठी धरतात. पहिला हँडिकॅप काढताना अशा सहा फेऱ्या, किंवा नऊ आणि अठरा होलच्या मिळून ५४ होल चालतात. एकदा इंडेक्स मिळाला, की २०२४ च्या सुधारणेनुसार तुमच्या नऊ होलच्या डिफरन्शियलमध्ये उरलेल्या नऊसाठी तुमच्या इंडेक्सच्या खेळाडूकडून अपेक्षित असलेला आकडा मिळवून लगेच अठराचा डिफरन्शियल तयार होतो. आधी दुसऱ्या नऊची वाट पाहत बसावे लागे. त्याच सुधारणेत लहान कोर्सही आत आले. नऊ होलची एकूण लांबी ७५० यार्ड असली तरी त्याचे रेटिंग होऊ शकते. आणि कमाल इंडेक्स स्त्री-पुरुष दोघांनाही ५४.० आहे, अमेरिकी पद्धतीत पूर्वी पुरुषांना ३६.४ आणि स्त्रियांना ४०.४ च्या वर जाता येत नसे. तेव्हा खुशाल या.


जुने_कार्ड

याला जोडून एकच सूचना, कट्ट्यावरचा आणि नवा_गडी या दोघांनाही. कार्ड खेळलात त्याच दिवशी भरा. पीसीसीचा हिशेब त्या मध्यरात्री होतो आणि त्यात त्या दिवशी आलेलीच कार्डे धरली जातात. चार दिवसांनी कार्ड भरल्यास तुम्हाला त्या दिवसाचा आकडा लागेल, पण तो ठरवताना तुमचा स्कोअर विचारात आलेला नसेल, आणि पावसाळ्यातल्या कामाच्या दिवशी कोर्सवर जेमतेम आठ जण असतात तेव्हा तुमच्या एका कार्डावाचून तो आकडा निघणारच नाही.